तेरा सूर, अठ्ठेचाळीस आवाज : प्रकल्प नोंदी

३ मे २०२५, शनिवार

आज मुद्दाम वॉटरलू रोडवरून फिरून आलो. मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टमध्ये राहून नऊ वर्षं होत आली, पण या रस्त्यानं जाताना मान नेहमी घड्याळाकडे असते. ३ नंबरच्या इमारतीवर निळी पाटी आहे: इथे स्ट्रॉबेरी स्टुडिओ होता. १९९३ मध्ये तो बंद झाला. आता दारात रेकॉर्डिंगचं काहीच दिसत नाही, भिंतीला कान लावून उपयोग नाही, तरी पाच मिनिटं उभा राहिलो.

याच इमारतीत टेनसीसी या बँडनं ‘आयम नॉट इन लव्ह’ ध्वनिमुद्रित केलं. येत्या २८ जूनला ते गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेल्याला ५० वर्षं होतील. मंडळाच्या जूनच्या कार्यक्रमात अर्धा तास मागून घेतला आहे. गाणं वाजवून दाखवायचं नाही, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं, दुकानात, टॅक्सीत. त्याच्या मागे जो आवाजांचा ढग आहे तो हातानं बनवून लोकांसमोर वाजवायचा. सिंथेसायझर नाही, कोरस नाही. तीन माणसं, एक टेप मशीन, ब्लेड.

वेळ : आठ आठवडे. खर्च : टेप, ब्लेडं, चिकटपट्टी. मशीन माझ्याकडे आहे, पाव इंची, गेल्या वर्षी एका शाळेनं काढून टाकलेलं घेतलं होतं.

४ मे, रविवार

आधी मूळ काम नीट समजून घेतलं. नंतर गोंधळ नको म्हणून इथे लिहून ठेवतो.

गाणं बँडमधल्या एरिक स्ट्युअर्ट आणि ग्रॅहम गुल्डमन यांचं. स्ट्युअर्टच्या लग्नाला तेव्हा काही वर्षं झाली होती. बायको म्हणाली, प्रेम आहे असं तू पुरेसं म्हणत का नाहीस. त्याला वाटलं, दिवसातून दहादा म्हटलं तर शब्द झिजून जाईल. मग न म्हणता कसं म्हणायचं, यातून ‘मी काही प्रेमात नाही’ असं सतत बजावणारा नायक जन्मला. तुझा फोटो भिंतीवर आहे तो फक्त डाग झाकायला, असं तो सांगतो. स्ट्युअर्टच्या आईवडिलांच्या घरी त्याच्या खोलीतल्या भिंतीला खरंच तडा होता आणि त्यावर त्यानं तिचा फोटो लावला होता.

पहिल्यांदा त्यांनी गाणं बॉसा नोव्हा या ब्राझिलियन शैलीच्या ठेक्यावर बांधलं. बँडमध्येच कोणाला आवडलं नाही, केव्हिन गॉडलीला तर मुळीच नाही. बाजूला ठेवून दिलं. पण स्टुडिओतली माणसं ते गुणगुणत राहिली, म्हणून पुन्हा हातात घेतलं. गॉडली म्हणाला, करायचंच तर वाद्यं काढून टाका, सगळं आवाजांनी करा. एवढा लांब सूर माणसानं धरायचा कसा, हा प्रश्न आला. बँडमधल्याच लोल क्रेमनं उपाय सुचवला : टेपचे लूप, म्हणजे दोन्ही टोकं जोडून गोल फिरत राहणारी फीत.

मग गॉडली, क्रेम आणि गुल्डमन या तिघांनी प्रत्येक सूर ‘आ’कारात सोळा वेळा गायला. तीन गुणिले सोळा, एका सुराला ४८ आवाज. स्ट्युअर्ट मशीनवर. तीन आठवडे हेच चाललं. प्रत्येक सुराचा सुमारे बारा फुटांचा लूप कापला. त्याचं एक टोक टेप मशीनच्या हेडवरून, दुसरं माइकच्या स्टँडवर बसवलेल्या रोलरवरून. प्रत्येक सूर मिक्सरच्या, म्हणजे अनेक आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राच्या, एकेका चॅनेलवर. आणि मग चौघांनी मिळून फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या खुंट्या, वरखाली करत ते मिक्सर पेटीसारखं वाजवलं.

पेटीसारखं, हा माझा शब्द. पण दुसरा सुचत नाही. भाता ओढलेलाच आहे, बोटानं फक्त कोणता सूर ऐकू यावा ते ठरवायचं.

१० मे, शनिवार

तीन गाणारे ठरले. मी. मावसभाऊ, म्हणजे दादा, मँचेस्टरला असतो, ऑफिसच्या बँडमध्ये गातो. आणि काका.

काका नात्यातले नाहीत. आमच्या मागच्या गल्लीत राहतात, सांगलीकडचे, पंचाहत्तरीला आलेत. रोज सकाळी खर्ज लावतात, हिवाळ्यातसुद्धा. त्यांना गाणं ऐकवलं. डोळे मिटून सहाही मिनिटं ऐकलं. इंग्रजी शब्द सगळे लागले नसावेत म्हणून मी अर्थ सांगायला लागलो तर हातानं थांबवलं.

“कळलं. माणूस खोटं बोलतोय आणि मागची मंडळी त्याला उघडं पाडतायत.”

मी हे गाणं वीस वर्षं ऐकतोय. इतकं नेमकं मला कधी म्हणता आलं नव्हतं.

११ मे, रविवार

सोपा मार्ग आधी करून पाहिला, कारण दादाचा आग्रह होता. एक ‘आ’ रेकॉर्ड केला आणि संगणकावर त्याच्या ४८ प्रती एकावर एक ठेवल्या. काहीही झालं नाही. तोच एक माणूस, फक्त कर्कश मोठा. हिशेब सरळ आहे : हुबेहूब सारख्या ४८ लहरी एकत्र आल्या की पातळी जवळपास ३४ डेसिबलनं चढते, पोत तसाच राहतो. खरोखर वेगळे ४८ आवाज एकत्र आले तर वाढ होते साधारण १७ डेसिबलची, म्हणजे आवाज त्या मानानं कमी, पण गर्दी खरी.

मग प्रती थोड्या थोड्या बेसूर करून, मागेपुढे सरकवून पाहिल्या. जरा बरं. पण डोकं पाण्यात बुडवून ऐकल्यासारखं, आणि तोच माणूस लपत नाही.

दादा म्हणाला, “म्हणजे खरंच गावं लागणार?”

हो. प्रत्येक वेळी खरंच गावं लागणार.

१८ मे, रविवार

पहिली बैठक, सकाळी दहा ते दोन. माझ्या वरच्या खोलीत गाद्या उभ्या करून ठेवल्या आहेत. एकच माइक, तिघं त्याच्याभोवती हातभर अंतरावर. कानात कीबोर्डचा सूर.

सा काळी एक धरला. काकांचा तोच आणि माझ्या आवाक्यातला. सा, कोमल रे, रे, कोमल ग, ग, म, तीव्र म, प, कोमल ध, ध, कोमल नी, नी आणि वरचा सा : तेरा. सोळा वेळा प्रत्येकी, एकूण २०८ टेक.

दादाचा श्वास बारा सेकंदांत संपतो, माझा पंधरा, काका पंचवीस सेकंद हलत नाहीत. आधी वाटलं सगळ्यांनी काकांइतका धरायला हवा. मग लक्षात आलं, गरज नाही. ज्याचा संपेल त्यानं हळूच सोडायचा, श्वास घ्यायचा, परत हळूच शिरायचं, फक्त दोघांनी एकदम नाही. वारकऱ्यांच्या दिंडीत असंच तर असतं, एकेकटा प्रत्येकजण दमतो पण अभंग थांबत नाही.

सा आणि कोमल रे झाले. बत्तीस टेक. सोळाव्या टेकला ‘आ’ म्हणजे काय तेच कळेनासं होतं. गॉडली-क्रेम-गुल्डमन तीन आठवडे हे करत होते, आणि त्यांना तर शेवटी ऐकू काय येणार याचा पत्ताही नव्हता. आम्हाला निदान गाणं माहीत आहे.

१६ टेक एकत्र ऐकले. खोलीत कोणी बोललं नाही. काकांनी फक्त दोन्ही हातांनी ओंजळ केल्यासारखी खूण केली.

२५ मे, रविवार

गंधारावर गाडी अडली.

काकांचा शुद्ध ग प्रत्येक टेकला कीबोर्डच्या खाली. दादा म्हणे काका उतरतायत. काका म्हणे कीबोर्ड चढा आहे. दोघंही बरोबर. तानपुऱ्यात षड्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो साच्या पाचचतुर्थांश कंपनांचा. कीबोर्ड बारा समान पायऱ्या पाडतो, त्यात गंधार थोडा वर जातो, एका पायरीच्या सातव्या हिश्शाएवढा. काका आयुष्यभर तानपुऱ्याच्या पोटातला गंधार ऐकत आलेत. कानात कीबोर्ड घातला म्हणून तो कसा सुटणार?

आमच्या पट्टीत दोन्ही गंधारांमध्ये सेकंदाला जेमतेम दीड कंपनाचा फरक पडतो. म्हणजे दोन आवाज एकत्र आले की सेकंदाला दीड वेळा आवाज भरतो आणि ओसरतो. ऐकायला ती लाट दिसावी तशी ऐकू येते.

अर्धा तास वाद. शेवटी मी निर्णय घेतला : काकांनी त्यांचाच लावायचा, दादानं कीबोर्डचा, मी दोघांच्या मध्ये जिथे जाईन तिथे. सोळा टेक. एकत्र ऐकल्यावर तेरातला सगळ्यांत जिवंत सूर हाच निघाला. बाकीचे स्थिर तेवतात, हा फडफडतो.

मला आता असं वाटतं की मूळ गाण्यातली ऊब इथूनच येते. तिघांचे गळे वेगळे, आणि एकाच गळ्याचाही तिसरा टेक तेराव्यासारखा नसतो. त्या केसाएवढ्या फरकांचीच ती ऊब आहे. शब्द ‘नाही’ म्हणतात तेव्हा मागे एवढी माणसं थोड्या थोड्या चुकीनं ‘आहे’ म्हणत असतात.

रे, कोमल ग, ग पूर्ण. काकूंनी थालीपीठं पाठवली होती.

१ जून, रविवार

म ते कोमल ध. विशेष काही नाही. दादाचा घसा बसला, एक वाजता थांबलो.

७ जून, शनिवार

ध ते वरचा सा. २०८ टेक संपले.

वरच्या साला काकांचा आवाज फाटला. पुन्हा घेऊ म्हणाले. नको म्हटलं, सोळातला एक फाटका राहू दे.

८ जून, रविवार

टेपचं काम. आज एकटाच.

प्रत्येक सुराचं मिश्रण मशीनवर उतरवलं, सेकंदाला साडेसात इंच गतीनं. बारा फूट म्हणजे १४४ इंच, एक फेरी १९ सेकंदांची. टेप तिरकी कापायची, टोकाला टोक भिडवायचं, मागून चिकटपट्टी. सरळ कापली तर सांध्यावर टक् वाजतं. तिरकी कापली तर एक सूर दुसऱ्यात सरकतो, पण पूर्ण लपत नाही. स्ट्युअर्टनं लूप एवढा लांब ठेवला त्याचं कारण हेच : सांधा जितक्या उशिरानं येईल तितका बरा, आणि सगळ्या लुपांचे सांधे एकाच वेळी येता कामा नयेत. बाकीच्या आवाजात एकटा सांधा बुडून जातो. तेरा एकदम आले तर खड्डाच.

म्हणून प्रत्येक लूप दोन-तीन इंच कमीजास्त कापला. सुरुवातीला सांधे एकत्र असले तरी फेरीगणिक पांगत जातात.

रोलरनं दिवस खाल्ला. माइकच्या स्टँडवर आईच्या शिलाई मशीनची जुनी बॉबिन बसवली (ती इथे कशी आली ते आठवत नाही, सुईदोऱ्याच्या डब्यात होती). टेप सैल राहिली की सूर डुलतो, ताणली की मशीन कुरकुरतं. स्टँडच्या पायावर तांदळाची पाच किलोची पिशवी ठेवली आणि इंच-इंच सरकवत गेलो. दुपारी तीनला कोमल रे पहिल्यांदा अखंड फिरला. खोलीच्या या भिंतीपासून त्या खिडकीपर्यंत तपकिरी फीत धावते आहे आणि अठ्ठेचाळीस माणसं न थांबता एकच सूर गातायत. जेवायला खाली गेलो तरी चालू ठेवला.

प्रत्येक लूप आठ-आठ मिनिटं संगणकावर उतरवला, तेरा ट्रॅक. त्यांच्याकडे सोळा ट्रॅकचं टेप मशीन होतं, माझ्याकडे नाही. इथे तडजोड केली आहे, कार्यक्रमात तसं सांगणार.

१५ जून, रविवार

मिक्सरवर पहिली तालीम. तेरा चॅनेल, चार माणसं : मी, दादा, काका आणि बायको. तिघांकडे तीन-तीन, माझ्याकडे चार.

मूळ गाण्यातलं जे मला सगळ्यांत आवडतं ते आज करून पाहिलं. स्ट्युअर्टनं प्रत्येक फेडरच्या खालच्या टोकाशी चिकटपट्टी लावली होती, म्हणजे कितीही खाली ओढला तरी पूर्ण बंद होऊ नये. त्यामुळे सगळे सूर सगळा वेळ मंद झिरपत राहतात. एका क्षणी तीन-चार सूर वर येतात, बाकीचे मागे धुक्यासारखे. पट्टी लावायच्या आधी आमचं वाजणं स्वच्छ आणि कोरडं होतं. पट्टी लावली आणि खोलीत हवा आली.

काकांना हे आधी पटेना. वर्ज्य सूर ऐकू येतायत म्हणाले. म चालू असताना तीव्र म मागे कशाला? दोन वेळा ऐकून मग म्हणाले, “न बोललेलं पण खोलीत असतंच की.” आणि आपल्या तीन फेडरांवर बोटं ठेवून बसले.

चारजणांचे हात जुळायला वेळ लागेल. बायको पटकन चढवते, दादा उशिरा उतरवतो. खुणेसाठी खाली कीबोर्डचा साधा ठेका आणि एक बुटका ठोका ठेवला आहे, छातीत वाजतो तसा. मूळ गाण्यात वाद्यं अशीच मोजकी आहेत : स्ट्युअर्टचा फेंडर ऱ्होड्स पियानो, गुल्डमनची गिटार, आणि मोठ्या ढोलाच्या जागी गॉडलीनं मूग सिंथेसायझरवर काढलेला ठोका. मधल्या भागात पियानो, बास आणि लहान मुलांची चावीची म्युझिक बॉक्स.

२१ जून, शनिवार

कुजबुज राहिली होती.

गाण्याच्या मध्यावर सगळं थांबतं आणि एक बाई कानाशी बोलल्यासारखी म्हणते, गप्प राहा, मोठी मुलं रडत नाहीत. ती स्टुडिओच्या कार्यालयात काम करणारी कॅथी रेडफर्न. क्रेम पियानोच्या माइकमध्ये ते शब्द सहज बोलून गेला होता. ते कोणाच्या आवाजात घ्यावेत यावर चर्चा चालली असताना ती दार उघडून हळू आवाजात सांगायला आली, एरिक, तुमचा फोन आहे. क्रेम उडालाच : हाच आवाज!

आम्हाला मराठीत हवं होतं. काकूंना विचारलं. त्या लगेच तयार झाल्या, वर आल्या, माइकसमोर बसल्या, कागद हातात घेतला. मी लिहिलं होतं : उगी, उगी. मोठी मुलं रडत नाहीत.

कागद खाली ठेवला. “हे दुसरं वाक्य मी म्हणणार नाही.”

का, काकू?

“दोन मुलं वाढवली. कधी असं सांगितलं नाही. रड म्हणायची. रडून झालं की जेवायला ये.”

काका जिन्यात उभे होते. काही बोलले नाहीत.

मग फक्त ‘उगी’ घेतलं. तीनदा, मध्ये श्वास. पहिल्याच टेकला झालं. त्या आवाजात एक खरखर आहे, रात्री दोन वाजता कोणी जागं होऊ नये म्हणून लावलेला आवाज असतो तशी. तिसऱ्या ‘उगी’नंतर त्यांनी स्वतःशीच एक हुंकार दिला आहे, तो कापला नाही.

२८ जून, शनिवार

कार्यक्रम झाला.

सभागृहात साठेक माणसं. आधी दहा मिनिटं गोष्ट सांगितली. एक लूप प्रत्यक्ष फिरवून दाखवला, मुलं पुढे येऊन टेपखाली वाकून बघत होती. मग इतिहासातलं थोडं : १९७५ च्या ‘द ओरिजिनल साउंडट्रॅक’ या अल्बममधलं हे गाणं, सहा मिनिटांचं, रेडिओसाठी तेव्हा फार लांब. तरी ब्रिटनमध्ये दोन आठवडे पहिलं राहिलं. अमेरिकेत तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, आणि त्या तिन्ही आठवड्यांत पहिल्या जागी वेगवेगळी गाणी होती. पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, गॉडली आणि क्रेम बँड सोडून गेले. म्हणजे ते आवाज एकत्र आले त्यानंतर फार काळ एकत्र राहिले नाहीत. हे सांगताना मला वाटलं त्यापेक्षा जड गेलं.

मग वाजवलं. पाच मिनिटं, शब्दांशिवाय, फक्त फेडर. दादानं एक उतरण चुकवली, त्याचा एक सूर हवा त्यापेक्षा चार मात्रा जास्त राहिला. कोणाला खटकलं असेल असं वाटत नाही, मला तर आवडलं. मध्ये काकूंचं ‘उगी’ आलं तेव्हा मागच्या रांगेत एक आजोबा चष्मा पुसत होते.

शेवट ठरवलाच नव्हता, हे तिथे कळलं. सगळ्यांनी फेडर खाली ओढले, पण पट्ट्या होत्याच. तेराही सूर मंद चालू. लोकांना कळेना संपलं की नाही, टाळी कोणी वाजवेना. मी माझ्या चार पट्ट्या सोलल्या, दादानं आणि बायकोनं त्यांच्या. एकेक सूर गेला. काकांनी दोन सोलल्या आणि तिसरी, गंधाराची, बराच वेळ तशीच ठेवली. मग सावकाश काढली.

२९ जून, रविवार

आवराआवर. लूप तेरा पाकिटांत, पाकिटावर सुराचं नाव आणि लांबी. कोमल नीचा सांधा सुटायला आला आहे, पुन्हा करावा लागेल. तांदळाची पिशवी स्वयंपाकघरात परत.

संध्याकाळी काकांचा फोन. कार्यक्रमाबद्दल दोन मिनिटं बोलले, मग थांबले.

“ते ‘उगी’ आहे ना, तेवढंच वेगळं करून मला पाठवता येईल का रे? फोनवर वाजेल असं.”

येईल की, काका.

“हिला सांगू नकोस.”

पाठवलं. अकरा सेकंद, शेवटच्या हुंकारासकट.